पस्तीसची रेघ

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशननंतर तीन गोष्टी बजावल्या: वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि माशांच्या टाकीत हात घालायचा नाही. पहिल्या दोन गोष्टींना बाबांनी मान डोलावली. तिसरी ऐकल्यावर ते म्हणाले, "मग टाकी कोण बघणार?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं. "ह्या आहेत की."

घरी आल्यावर बाबा आधी टाकीपाशी जाऊन उभे राहिले.

टाकी चार फुटी होती, समुद्राच्या पाण्याची. बाहेरच्या खोलीत, सुनेच्या शिलाई मशीनच्या बरोबर समोर. ती दिवसभर गणवेश आणि कोट शिवायची, दुरुस्तीची कामं घ्यायची, आणि मान वर केली की समोर निळा उजेड, दोन जोकर मासे, एक पिवळा मासा आणि दगडांवर वाढलेली प्रवाळं. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या प्रवाळाला पाच तोंडं होती आणि प्रत्येक तोंडातून बोटाएवढ्या लांब हिरवट झिपऱ्या पाण्यात हलत असायच्या. घरात सगळे तिला झिपरी म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी बाबांनी ती अंगठ्याएवढी आणली होती. दुसरं एक जांभळट फांद्यांचं झुडूप होतं, नाजूक. त्याच्या बाजूने जाताना बाबा आवाजसुद्धा खाली आणायचे.

बाबा चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाचा थेंब त्यांच्या हातून कधी जास्त पडला नाही, हे ते स्वतःच सांगायचे आणि ते खरं होतं. निवृत्त झाल्यावर तोच हात त्यांनी टाकीला लावला. दर रविवारी पाण्याची चार मापं: खारटपणा, क्षारता, कॅल्शियम, मॅग्नेशियम. चारही आकडे वहीत. प्रवाळं आपला सांगाडा पाण्यातूनच बांधतात, त्यामुळे हे चार आकडे जागेवर राहिले तर ती जगतात, ढळले तर मरतात. एवढं सुनेला इतक्या वर्षांत कानावर पडून माहीत होतं. त्यापलीकडे तिने कधी लक्ष घातलं नव्हतं आणि बाबांनी घालू दिलं नव्हतं.

ऑपरेशन उजव्या डोळ्यातल्या मोतिबिंदूचं. डावा लहानपणापासून अधू. उजव्याला सूज राहिली आणि तीन आठवडे तरी सगळं धूसर दिसेल असं निदान झालं. नवरा पुलाच्या कामावर दुसऱ्या गावी, महिन्यातून एकदा येणारा. तेव्हा पहिल्या रविवारी सकाळी काळा चष्मा लावून बाबा टाकीशेजारच्या खुर्चीत बसले आणि सून पहिल्यांदा मापं घ्यायला उभी राहिली. बाबांच्या डोळ्यात थेंब घालायचे होते, पण त्याआधी त्यांनीच तिला डोळ्यांत तेल घालून काम करायला लावलं.

"आधी खारटपणा. ती नळी घे."

नळी म्हणजे वीतभर लांबीची छोटी दुर्बीण. टोकाच्या काचेवर टाकीच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, वरचं झाकण बंद करायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोन्ही जिथे मिळतात ती रेघ ज्या आकड्यावर, तेवढा खारटपणा.

"पस्तीस," ती म्हणाली.

"बरोबर. पस्तीसच पाहिजे. आता क्षारता."

काचेच्या कुपीत पाच मिली पाणी, त्यात रंगाचे थेंब, मग बारीक सिरिंजने दुसरं औषध थोडं थोडं सोडत जायचं. निळ्याचं गुलाबी झालं की थांबायचं आणि सिरिंजमधून किती गेलं ते बघायचं. तिचा हात स्थिर होता. सुईत दोरा ओवणारा हात होता तो.

"सहा पॉइंट सहा."

बाबांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "आठ असणार. पुन्हा कर."

पुन्हा केलं. सहा पॉइंट सहा. तिसऱ्यांदा केलं. सहा पॉइंट सात.

"रंग नीट बघत नाहीयेस तू. गुलाबी होण्याआधीच थांबतेयस."

"नाही हो बाबा. चांगला गुलाबी झालाय."

कॅल्शियम साडेतीनशे आलं. वहीत चारशे वीस होतं. मॅग्नेशियम अकराशे वीस. वहीत साडेतेराशे. बाबांचा चेहरा उतरत गेला आणि आवाज चढत गेला. आठ दिवसांत एवढं खाली? शक्य नाही. तिला सिरिंज धरता येत नाही, ती घाई करते, तिचं लक्ष मशीनवरच्या कोटात आहे. ती ऐकत राहिली. कुप्या विसळून जागेवर ठेवल्या. मग सहज टाकीकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की झिपरीच्या दोन तोंडांनी झिपऱ्या आत ओढून घेतल्या आहेत.

तिने ते बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं.

"मग आकडे खरे आहेत," बाबा एकदम हळू आवाजात म्हणाले. "मरतायत ती. क्षारतेसाठी सोडा घालायला लागेल. कॅल्शियमही. आजच."

मशीनच्या मागच्या फळीवर दोन पांढरे कॅन होते, बाबांनी स्वतः तयार करून ठेवलेले: एकात सोड्याचं पाणी, एकात कॅल्शियमचं. रोज थोडं थोडं घालायचं असतं. एकदम जास्त घातलं तर पाणी बिघडतं, हे बाबांकडूनच तिने शंभरदा ऐकलं होतं.

"आज नको," ती म्हणाली. "उद्या सकाळी परत मापते. मग बघू."

तिने बाबांना असं उत्तर लग्नानंतर पहिल्यांदाच दिलं असेल. बाबा उठले आणि आपल्या खोलीत गेले.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. बाबांनी त्याला आधीच गाठलं होतं.

"अगं, ते म्हणतात तसं कर ना. त्यांना टाकीतलं कळतं."

"कळतं, पण दिसत नाही," ती म्हणाली. "आणि मला दिसतं, पण कळत नाही. चुकलं तर कोणाच्या माथी येणार?"

"जपून कर," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

तिने कोटाची बाही उसवायला घेतली, पण डोक्यात तेच आकडे. मग बाही बाजूला ठेवून तिने बाबांची वही काढली. मागच्या आठ रविवारांच्या नोंदी एकसारख्या होत्या. आठ, चारशे वीस, साडेतेराशे. आठ, चारशे वीस, साडेतेराशे. त्याआधीच्या पानांवर आकडे थोडे इकडेतिकडे हलायचे. कधी सात पॉइंट आठ, कधी आठ पॉइंट दोन. गेल्या दोन महिन्यांत एकदाही हलले नव्हते.

खडूने तिने कापायच्या कागदावर जुने आकडे आणि सकाळचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. भागाकार तिला रोजचाच. चारशे वीसचे साडेतीनशे, म्हणजे सहातला एक भाग कमी. आठचे सहा पॉइंट सहा, तेही जवळपास सहातला एक कमी. साडेतेराशेचे अकराशे वीस. परत तेवढंच.

ती तिथेच थांबली. दोन वर्षांपूर्वी तिने परिचारिकांचे बारा गणवेश शिवले होते आणि बाराही घट्ट झाले होते. छातीत घट्ट, कमरेत घट्ट, बाहीतही घट्ट, सगळीकडे सारख्याच हिशोबाने. बारा जणी काही आठवड्याभरात जाड झाल्या नव्हत्या. अंगाची मापं घ्यायची तिची कापडी टेप जुनी होऊन ताणली गेली होती, आणि कापड मात्र ती लाकडी पट्टीने मापून कापायची. एखादं माप चुकलं तर हात चुकला म्हणता येतं. सगळीच मापं एका प्रमाणात कमी आली तर कारण एकच असतं.

इथे काय एक होतं? टाकीचं पाणी म्हणजे दुकानातून आणलेलं समुद्री मीठ फिल्टरच्या पाण्यात विरघळवलेलं, आणि चारही गोष्टी त्या मिठातूनच टाकीत येतात. मीठच सहातला एक भाग कमी असेल तर बाकीचे तीन आकडे आपोआप तेवढेच खाली येतील. पण नळी तर पस्तीस दाखवत होती.

म्हणजे नळी.

तिने फिल्टरच्या शुद्ध पाण्याची बाटली आणली. शुद्ध पाण्यात मीठ नाही, रेघ शून्यावर यायला हवी. काचेवर दोन थेंब टाकले, झाकण लावलं, खिडकीकडे धरलं. रेघ सहावर होती. काच पुसून पुन्हा बघितलं. सहा.

फिल्टरच बिघडला असेल तर? तिला कोणाला तरी विचारायला हवं होतं, आणि विचारण्यासारखा एकच माणूस होता: शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक, ज्याच्याकडून मीठ यायचं. दोन महिन्यांपूर्वी बाबांनी त्याच्याशी भांडण केलं होतं. प्रवाळांचे रंग फिके पडलेत, तुझ्या मिठात भेसळ आहे, असं चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावून ते बाहेर पडले होते, आणि त्या दुकानाचं नाव घरात निघत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती म्हणाली, "दोरे संपलेत. तासाभरात येते." पिशवीत नळी आणि टाकीच्या पाण्याची बाटली होती. खोटं बोलताना कान तापले, पण बाबांना ते दिसणार नव्हतं, आणि हा विचार मनात आल्यावर कान आणखी तापले.

दुकानदाराने तिला ओळखलं. "कंपाउंडर काकांच्या सूनबाई ना? काय म्हणतंय माझं भेसळीचं मीठ?"

तिने नळी पुढे केली. त्याने कपाटातून एक छोटी सीलबंद बाटली काढली. तिच्यातलं पाणी बरोबर पस्तीस खारटपणाचं होतं, नळ्या तपासण्यासाठी ठेवलेलं. दोन थेंब टाकून त्याने बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"ताई, ह्यात एक्केचाळीस दिसतंय. नळी सहा जास्त दाखवते." मग नळीवरचा रेघ जुळवायचा स्क्रू किंचित फिरवून त्याने रेघ पस्तीसवर आणली आणि टाकीचं पाणी बघितलं. "एकोणतीस. प्रवाळाला एवढं पातळ पाणी म्हणजे उपासमारच. हा स्क्रू कोणी फिरवला?"

तिने नळी पिशवीत ठेवली. त्या स्क्रूचा छोटा स्क्रूड्रायव्हर बाबांच्या चष्म्याच्या डबीत असायचा. त्याला बाबांशिवाय कोणी हात लावत नसे.

दुकानदाराला समजलं असावं. त्याने पुढे विचारलं नाही. "दुसरं काही घालू नका. खारटपणा रोज एक याप्रमाणे वर न्या, बाकीचे आकडे आपोआप येतील. घाई केलीत तर सगळं जाईल." आणि त्याने आपला फोन नंबर एका कागदावर लिहून दिला.

घरी येताना ती मनात वाक्यं जुळवत होती. काही न सांगता चालणार होतं. नळी आता बरोबर होती. आठवडाभरात पाणी वर न्यायचं आणि बाबांना सांगायचं, आकडे सुधारले. त्यांचा मान राहिला असता. तिने जवळजवळ तसं ठरवलंही होतं.

दार उघडलं तर टाकी दिसेना. म्हणजे टाकी होती, पण आत काही दिसत नव्हतं. दुधाचं पातेलं विसळलेल्या पाण्यासारखं पांढरट, आणि त्यात कुठेतरी निळा दिवा. टाकीशेजारी बाबा उभे. शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली. पायाशी दोन्ही कॅन आडवे पडलेले.

"मी घातलं," ते म्हणाले. "मापाच्या भांड्यावरच्या खुणा दिसेनात. अंदाजाने घातलं. माझा अंदाज..." "पाण्याला काय झालं गं? मला सगळं पांढरंच दिसतंय. माझ्या डोळ्यांना झालंय की पाण्याला?"

"पाण्याला," ती म्हणाली. "आधी इकडे या."

तिने त्यांना हाताला धरून मोरीत नेलं, साबणाने दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. "डोळ्याला हात लावलात? खरं सांगा." त्यांनी मान हलवली, नाही. ते लहान मुलासारखे हात पुढे करून उभे होते आणि तिला त्यांचा इतका राग आला होता की टॉवेल तिने हातात न देता त्यांच्या खांद्यावर टाकला.

टाकीपाशी येऊन तिने काचेला नाक लावलं. दोन्ही जोकर मासे वरच्या कडेला येऊन भराभर तोंड उघडत होते. पिवळा दिसत नव्हता. तिने कागद काढून दुकानदाराला फोन लावला.

"दोन्ही एकदम घातलं का? एकाच जागी?" त्याने विचारलं. "मग सोडा आणि कॅल्शियमचा चुना झालाय, तोच तरंगतोय. हवेचा पंप असेल तर लावा, माशांना श्वास मिळू दे. निम्मं पाणी बदलायला लागेल, आत्ताच. माझ्याकडे तयार खारं पाणी आहे. अर्ध्या तासात आणतो."

ती अर्धा तास पंपाची नळी हातात धरून उभी होती. बाबा खुर्चीत बसले होते. "कोण येतंय?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी ओली बाही खाली ओढून बटण लावलं.

दुकानदार चार कॅन घेऊन आला. दारात क्षणभर घुटमळला. बाबा आवाजाच्या दिशेला वळून म्हणाले, "या." तेवढंच.

दोघांनी मिळून टाकीतलं पाणी पाइपने बादल्यांत ओढायला सुरुवात केली. बाबा खुर्चीतूनच सूचना देत होते. गप्प बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतंच. "नवीन पाण्याचा खारटपणा किती? पस्तीस ना? घाला मग."

"पस्तीस आहे," दुकानदार म्हणाला, "पण तसंच नाही घालता येणार." आणि त्याने सुनेकडे बघितलं.

आता ठरवायला वेळ नव्हता. बादलीत मिसळायचं पाणी तीन माणसांच्या मध्ये होतं आणि बाबा हिशोब विचारत होते. खोटा आकडा सांगितला असता तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा सांगावा लागला असता.

"टाकीत एकोणतीस आहे, बाबा," ती म्हणाली. "एकदम पस्तीस घातलं तर त्यांना झटका बसेल. दुकानातल्या पाण्याचे सहा मग आणि फिल्टरच्या पाण्याचा एक. बादलीत तीस होईल."

"काल पस्तीस होतं."

"काल नळी सहा जास्त दाखवत होती."

दुकानदार बादलीत मग बुडवून उगाच ढवळत होता. सून वाट बघत होती. आता बाबा म्हणतील, तुला बघता येत नाही; किंवा म्हणतील, ह्याने स्क्रू फिरवला. दोन्हीची तिने मनाशी तयारी केली होती.

"मला दोन रेघा दिसायच्या," बाबा म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी. एकीवर एक. शुद्ध पाणी घालून स्क्रू फिरवला तेव्हा मी खालची रेघ शून्यावर आणली. नंतर टाकीचं पाणी बघताना वरची धरली असणार. पाणी फार खारट दिसायला लागलं. म्हणून महिनाभर गोडं पाणी जास्त घालत गेलो." ते थांबले. "मीच पातळ केलं."

"आणि क्षारता?" तिला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं.

"रंग कळेनासे झाले होते. हाताला सवय होती, आठपर्यंत जायचो आणि थांबायचो."

दुकानदाराने मग भरला. "एक," तो म्हणाला, आणि सून मोजू लागली. सहा त्याचे, एक घरचा. सहा त्याचे, एक घरचा. संध्याकाळपर्यंत टाकीतलं निम्मं पाणी बदललं होतं. पांढुरकेपणा खाली बसायला लागला होता आणि दगडांवर पिठासारखा थर दिसत होता. पिवळा मासा मागच्या दगडाखाली सापडला, जिवंत. निघताना दुकानदार बाबांसमोर उभा राहिला.

"काका, रोज एक आकडा वर. जास्त नाही."

"कळलं," बाबा म्हणाले. मग, तो दारापर्यंत पोचल्यावर, "मीठ चांगलं आहे तुझं."

जांभळं झुडूप वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या फांद्यांवरची त्वचा सुटून आली आणि खाली पांढरा सांगाडा राहिला. बाबांनी विचारलं, "कसं आहे?" तिने सांगितलं, गेलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतरचे दोन दिवस ते जेवायला येत, जेवत आणि परत जात. सुनेलाही आपण होऊन बोलावंसं वाटलं नाही. तिला वाईट वाटत होतं आणि रागही गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे तिला नवीन नव्हतं.

रोज सकाळी मात्र ती नळीत बघून आकडा मोठ्याने सांगायची. एकतीस. बत्तीस. आतल्या खोलीतून उत्तर यायचं नाही, पण खाटेचा आवाज थांबायचा. चौतीसच्या दिवशी बाबा बाहेर येऊन खुर्चीत बसले.

नवव्या दिवशी झिपरीच्या एका तोंडातून दोन झिपऱ्या बाहेर आल्या. मग हळूहळू तीन तोंडं उघडली. दोन उघडली नाहीत. त्यांच्या जागी खडबडीत पांढऱ्या वाट्या राहिल्या.

तीन आठवड्यांनी डोळा दाखवायला गेले. सूज उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, यंत्रातून बघितलं, समाधान दाखवलं. मग कागद भरता भरता सहज विचारलं, "ऑपरेशनच्या आधी दोन-दोन दिसणं, रंग फिके वाटणं, असं किती दिवस होत होतं? मागच्या वेळी तुम्ही काही त्रास नाही म्हणाला होतात."

सून खुर्चीमागे उभी होती. ती बोलणार नव्हती.

"चार महिने," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "चार महिने? आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"आधी वाटलं, दिवा मंद झालाय. दिवा बदलला. मग वाटलं, नळी बिघडली, ती फिरवली. मग मिठाला नावं ठेवली." त्यांनी चष्मा हातात घेतला होता आणि त्याची दांडी उघडत मिटत होते. "शेवटी हिच्या हाताला नावं ठेवली. हिचा हात चांगला आहे."

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे बघितलं. ती खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होती, तिथे एक बाई छत्री उघडायचा प्रयत्न करत होती आणि ती उघडत नव्हती.

"डावा डोळा अधू आहेच, पण त्यातही मोतिबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढला तर थोडा उजेड वाढेल. करायचा का?"

"करायचा," बाबा म्हणाले. "पण रविवार सोडून."